सामाईक भिंत

रॉडनी हॅलमने गुडघे टेकले आणि गालिच्यात रुतलेल्या खळग्यात बोट घातलं. असे चार खळगे होते, कपाटाच्या चार पायांचे. कपाट मात्र तिथं नव्हतं. ते खोलीच्या दुसऱ्या टोकाला, बाहेरच्या भिंतीला पाठ लावून उभं होतं, आणि त्याच्या जुन्या जागी पलंग आला होता.

"चहा गार होतोय, राजा," दारातून बेरिल ग्रिमशॉ म्हणाली. "गालिचा काही पळून जात नाही."

"मी कामावर चहा घेत नाही, मिसेस ग्रिमशॉ."

"का? ओल लागते?"

ती स्वतःच हसली. वय एक्क्याऐंशी, नवरा जाऊन सहा वर्षं झालेली. इंग्लंडमधल्या नेल्सन गावातल्या या दगडी चाळीतलं शेवटचं घर तिने विकायला काढलं होतं. एक भिंत शेजाऱ्यांशी सामाईक, दुसरी वाऱ्यापावसाला उघडी.

घर घेणारं जोडपं तरुण होतं आणि घर तपासायला रॉडनीला त्यांनीच नेमलं होतं. त्यांनी मागितली होती मधल्या पातळीची पाहणी. खालच्या पातळीत घर नुसतं नजरेखालून घालतात, वरच्या पातळीत त्याचं पोट फाडून बघतात. मधलीत डोळे, टॉर्च आणि ओल मोजायचं यंत्र एवढ्यावर भागवायचं. गालिचा उचलायचा नाही, सामान हलवायचं नाही. जे दिसलं त्याला आकडा द्यायचा: एक हिरवा, दोन पिवळा, तीन लाल. जे दिसलं नाही, ते दिसलं नाही असं लिहायचं.

हा नियम रॉडनीला ठाऊक होता तसा घर विकणाऱ्यांनाही ठाऊक असे. एकतीस वर्षांत त्याने ओलीपुढे सरकवलेले सोफे पाहिले होते, बुरशीवर टांगलेले लग्नाचे फोटो पाहिले होते. कपाट हललं की भिंत ओली, असं त्याच्या धंद्यातले लोक म्हणतात. त्यात ही भिंत पावसाच्या तोंडावरची. बाहेरून तिच्या दगडांमधला चुना भुगा झालेला त्याने मघाशीच पाहिला होता. म्हातारी गोड बोलते म्हणून काही भिंत सुकत नाही, असं त्याच्या मनात आलं.

"हे कपाट कधी हलवलंत?"

"झाला महिना."

"कुणी हलवून दिलं?"

"कोण देणार? मीच. तीन दिवस लागले. आज वीतभर, उद्या वीतभर. मध्ये बसून घ्यायचं."

रॉडनीने वहीत काहीतरी टिपलं. ती पुढे आली.

"काय लिहितोस?"

"ते सांगता येत नाही. मी पलीकडच्या पार्टीचा माणूस."

"आधीची दोन गिऱ्हाइकं गेली, राजा. एक तर असला कागद वाचूनच गेलं. बीचवुड कोर्ट या वृद्धाश्रमातली खोली त्यांनी माझ्यासाठी महिनाअखेरपर्यंतच धरून ठेवलीय. तिथं माणसं आहेत. खाली सगळे मिळून जेवतात. हे घर या वेळी नाही विकलं, तर मी इथंच मरेन आणि दूधवाल्याला आठवड्याने कळेल."

रडगाणं नव्हतं ते. बसची वेळ सांगावी तसं तिने सांगितलं होतं. तरी पण रॉडनी ज्यांचं खात होता, त्यांच्याशी त्याला प्रामाणिक राहायचं होतं.

"कपाट नुकतंच हलवलेलं आहे आणि मागची भिंत पाहता आली नाही, असं मला लिहावं लागेल," तो म्हणाला. "खरं आहे ते."

"मग हलव आणि बघ."

"आम्हाला परवानगी नसते."

"मला आहे."

बेरिलने कप खिडकीत ठेवला, कपाटाला खांदा लावला आणि रेटलं. कपाट ढिम्म. तिने पुन्हा रेटलं. तिच्या मानेच्या शिरा दोरीसारख्या तट्ट फुगल्या. रॉडनीला ते बघवेना. वही खिशात कोंबून तो दुसऱ्या बाजूला गेला. त्याने एकतीस वर्षांत पहिल्यांदाच परक्याच्या सामानाला हात लावला.

मागे निळ्या फुलांचा जुना कागद होता. डाग नाही, फुगवटा नाही. रॉडनीने यंत्राच्या दोन सुया टोचल्या, खाली टोचल्या, कोपऱ्यात टोचल्या. काटा हललासुद्धा नाही.

"कोरडी आहे," तो म्हणाला. संशय घेतल्याची त्याला लाज वाटली. "ठणठणीत. हिरवा आकडा."

"ते मी तोंडाने सांगितलं असतं, तर मानलं असतंस?"

"नसतं मानलं." त्याने अंगातला कोट काढला. "चला, हे पुन्हा त्याच्या जागी नेऊ. दोघं आहोत तर होऊन जाईल."

"नको. तिथं नको."

"का?"

तिने बोट ओठांवर ठेवलं. साडेचार होत आले होते. पलीकडे दार आपटलं, दप्तर पडलं, कुणीतरी उर्दूत दटावलं. मग एका मुलीचा आवाज सामाईक भिंतीतून स्वच्छ आला. ती इंग्रजीत सातचा पाढा म्हणत होती. सात साते एकोणपन्नासपाशी पोचली आणि अडली.

"छप्पन्न," बेरिल पुटपुटली. "रोज तिथंच अडते बघ. कपाट होतं तेव्हा नुसती गुणगुण यायची. आता उशीवर डोकं टेकलं की सगळं ऐकू येतं. त्यांना कसं सांगू मी? कचऱ्याच्या डब्यापाशी भेटतात, नमस्कार करतात, भली माणसं आहेत. मी त्यांच्या घरात कान लावून झोपते म्हटलं, तर काय म्हणतील?"

रॉडनी पलंगाच्या कडेला बसला. त्याचं स्वतःचं घर चारही बाजूंनी मोकळं होतं. तशा घराला भाव जास्त येतो, हे तो गिऱ्हाइकांना नेहमी सांगत असे.

"तुला भिंतीतलं कळतं," बेरिल म्हणाली. "बीचवुड कोर्टातल्या कशा आहेत?"

ती इमारत गेल्या वर्षी त्यानेच तपासली होती.

"जाड आहेत," तो म्हणाला. "काँक्रीटच्या. पलीकडचं काही ऐकू येत नाही."

"काहीच नाही?"

"नाही, मिसेस ग्रिमशॉ."

तिने चादरीवरची सुरकुती तळहाताने सारखी केली.

"मग मी माझं दार उघडं टाकून बसेन. येणारे-जाणारे तरी दिसतील."

तिथल्या प्रत्येक दाराला वर एक लोखंडी दांडी होती. आगीचा कायदाच तसा होता. हात काढला की दार आपोआप मिटायचं. त्याने स्वतः एक दार उघडून सोडून पाहिलं होतं. ते सावकाश, आवाज न करता मिटलं होतं आणि त्याने त्याला हिरवा आकडा दिला होता.

"हो," रॉडनी म्हणाला. "तसं करा."