आजोबा आणि बरणी

माझी बायको ताईसिया, घरात ताया, आणि मी एकाच संस्थेत काम करतो, आणि ही वेळ कुणावर येऊ नये. ती दुसऱ्या मजल्यावर, मी खालच्या हॉलमध्ये. काम दोघांचं एकच, लाखो व्होल्टांचा फटका डोळ्याची पापणी लवायच्याही कितीतरी आधी मारून मोकळं व्हायचं. माझं यंत्र हॉलभर पसरलंय. आमच्या तोम्स्क शहरातले निम्मे इंजिनियर त्याच्यावर हात बसवून गेले, म्हणून सगळे त्याला आजोबा म्हणतात. तिचं यंत्र जेमतेम दीड मीटर. मी त्याला बरणी म्हणतो. त्यावर ती मला काय म्हणते, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पण बरणीत तिनं जे केलंय ते डोकेबाज आहे, हे मला मान्य आहे. तिच्या तोंडावर नाही म्हणत, एवढंच. एरवीची रीत अशी, नळीत नळी घालायची, मधल्या पोकळीत तेल भरायचं, वीज साठवायची आणि एका टोकाला मोकळी सोडायची. विजेची लाट दुसऱ्या टोकाला जाऊन परत येईपर्यंत फटका टिकतो. फटका जास्त वेळ टिकायला हवा तर नळी लांब हवी. म्हणून आजोबांची नळी सहा मीटर. ताया म्हणाली, नळी कशाला लांबवता, लाटेलाच सावकाश चालू द्या. तिनं तेलाच्या जागी ग्लिसरीन भरलं. त्यात लाट चिखलातून पाय उपसत गेल्यासारखी जाते, आणि दीड मीटरमध्ये सहा मीटरचं काम होतं.

सप्टेंबर संपता संपता आमचे संचालक ग्लेब आर्कादियेविच यांनी दोघांना बोलावलं. उत्तरेकडचे पाइपलाइनवाले येणार होते. पाइपांच्या सांध्यांतल्या भेगा बघायला त्यांना अशा फटक्यातून निघणारा क्ष-किरणांचा झोत हवा होता, आणि तो पाडणारं यंत्र त्यांच्या गाडीत मावायला हवं होतं.

"ताईसिया इल्यिनिच्ना, सोमवारी तुमचं यंत्र चाललं, तर खालचा हॉल तुमचा. जुनं मोडीत काढू," संचालक म्हणाले. "नाही चाललं, तर तुमचा विभाग बंद, आणि तुम्ही या तुमच्या नवऱ्याच्या, रोदिओन येफीमोविचांच्या हाताखाली. दोन्ही संसार चालवणं आता मला जमायचं नाही."

म्हणजे आजोबा तरी जाणार, नाहीतर बरणी तरी.

बाहेर आल्यावर ताया म्हणाली, "तुझ्या हाताखाली? त्यापेक्षा मी बाजारात बटाटे विकीन."

"वीक की. वजनात मारू नकोस म्हणजे झालं," मी म्हणालो. एरवी ती हसली असती.

कारण बरणी चालत नव्हती. अर्ध्या व्होल्टेजला शहाण्या मुलीसारखी वागायची, पुढे नेली की आतल्या आत ठिणगी. शुक्रवारी ताया घरी आली ती बूटसुद्धा न काढता स्टुलावर बसली.

"बुडबुडे आहेत रे. भरताना हवा अडकलीय, आणि ग्लिसरीन काकवीसारखं घट्ट झालंय. पंप लावला तर नुसता फेस येतो. इमारतीची हीटिंग अजून सुरू नाही, खोलीत माझीच बोटं आखडतात. शेगडी लावली तर बाहेरची नळी तापते, आतलं थंडगार ते थंडगार."

मी सूप पीत होतो. दुसऱ्याच घोटाला मला उपाय सुचला, आणि मी मुकाट्यानं सूप पीत राहिलो. उभं आयुष्य आजोबांबरोबर गेलंय माझं. त्यांचा बोल्ट न् बोल्ट मला अंधारातसुद्धा ओळखू येतो. गप्प बसलो असतो तर मला कुणी काही म्हणणार नव्हतं.

ताया बशा विसळत होती. माझ्याकडे पाठ होती, पण खांदे हलत होते. बाई रडायला लागली की मला काही सुचत नाही, आणि ही तर आवाजही न करता रडते.

"ताया, उद्या शनिवार," मी म्हणालो. "बान्या तापवायचाच आहे. बरणीलाही न्हाऊ घालू."

ती साबणाच्या हातांनी तशीच वळली. "सावकाश तापेल. सगळ्या अंगानं तापेल," ती पुटपुटली. मग एकदम, "रोद्या, तू माणूस आहेस की सैतान?"

सकाळी आम्ही बरणी गाडीत घालून गावाबाहेरच्या आमच्या बागेत नेली आणि बान्यातल्या, म्हणजे वाफेच्या लाकडी न्हाणीघरातल्या, खालच्या फळीवर उभी केली. मी चुलीत बर्चची लाकडं सारली. वरचं तोंड उघडं ठेवून त्यावर मलमलीचं फडकं बांधलं. इतक्यात शेजारच्या क्लाव्दिया झाखारोव्ना टॉवेल आणि वाफेत अंगावर मारून घ्यायची डहाळ्यांची जुडी घेऊन हजर. दर शनिवारी येतात.

"आज वाफ नाही," मी दार अडवून म्हणालो.

"वाफ नाही? मग पाव भाजताय का आत?"

"ग्लिसरीन पाणी ओढून घेतं, क्लाव्दिया काकू. तापल्या दगडांवर थेंबही टाकायचा नाही. आत पाहुणा आहे."

काकूंनी मला बाजूला सारून आत डोकं घातलं. चकचकीत बरणीकडे बराच वेळ बघितलं.

"अगं बाई. उशिरा का होईना, झालं एकदाचं," त्या तायाला म्हणाल्या. "टकलावरून तर बापावरच गेलंय."

दुपारपर्यंत नळी आतपर्यंत तापली. ताया फडकं सारून, बॅटरीचा उजेड पाडून आत बघत होती. घामानं तिचे केस कपाळाला चिकटले होते. "येताहेत," ती हळूच म्हणाली. मीही वाकलो. ग्लिसरीन पातळ झालं होतं आणि बारीक बारीक बुडबुडे वर येऊन फुटत होते. आम्ही डोक्याला डोकं लावून, घामाच्या धारा पुसत ते बघत बसलो.

"हे चाललं तर आजोबा जाणार," ती म्हणाली. "तुला कळतंय ना?"

"मी काय दुधखुळा आहे?"

"मग का करतोयस?"

"तू माझ्या हाताखाली आलीस तर ऑफिसातही धुसफुसशील आणि घरीही. मी तुझ्या हाताखाली आलो तर घरी तरी कुरकुरायचा हक्क माझा."

तिनं मला ओल्या टॉवेलचा फटका दिला, आणि मग बराच वेळ माझा हात सोडला नाही.

सोमवारी पूर्ण व्होल्टेज लावलं. मोजमापाच्या पडद्यावर फटका हवा तसा उमटला, माथा टेबलासारखा सपाट. पाइपलाइनवाल्यांनी परत परत मारायला लावला, बरणीनं दर वेळी तसाच मारला. संचालकांनी तायाचा हात हातात घेतला. मी सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या. त्यातल्या बायकोसाठी किती आणि आजोबांसाठी किती, ते मला सांगता येणार नाही.

आजोबांमधलं तेल उपसणारे यायचे होते त्या दिवशी सकाळीच ताया खाली हॉलमध्ये आली.

"संचालकांची परवानगी आणलीय," ती म्हणाली. "तेल काढायच्या आधी शेवटचा एक फटका."

मी खुर्चीवर बसलो, चार्जिंग पूर्ण केलं आणि बटणावर बोट ठेवलं. मग उठलो आणि तिला खुर्चीत बसवलं. इतक्या वर्षांत ते बटण मी दुसऱ्या कुणाला दाबू दिलं नव्हतं, तिलाही नाही.

"मी?" ती म्हणाली.

"आता हॉल तुझाच आहे. दाब."

तिनं दाबलं. जमीन हादरली, छपराची धूळ आमच्या दोघांच्या डोक्यांवर पडली. ताया दचकून माझ्या दंडाला धरून उभी राहिली आणि लहान पोरीसारखी हसायला लागली. डोळे मात्र भरले होते, माझेही.

"परत," ती म्हणाली.

परवानगी एकाचीच होती. मी पुन्हा चार्ज करायला घेतलं.