वहीतले सात इंच

अर्डो कर्लिंग क्लबच्या बर्फवहीत एकशे बासष्ट वर्षांत एकही खोटी नोंद झालेली नाही. क्लबच्या खोलीत शिरताच समोरच्या भिंतीवर पितळी पाटीवर 'एकही खोटी नोंद नाही' असं कोरलेलं दिसतं, आणि नवा सभासद झाला की त्याला टोपी काढून ती पाटी वाचायला लावतात. एकशे त्रेसष्टाव्या वर्षी, जानेवारीतल्या एका गुरुवारी, सकाळी साडेअकराच्या सुमारास लॅकलन टॉशॅकने खोटी नोंद केली. पाटी अजून तिथेच आहे.

अर्डोचं तळं सहसा गोठत नाही. गोठलं तरी काठाला साय धरावी तसं धरतं आणि दोन दिवसांत सुटतं. पण ज्या वर्षी ते खरोखरच गोठतं, त्या वर्षी उत्तर काठ आणि दक्षिण काठ यांच्यात सामना होतो: बत्तीस विरुद्ध बत्तीस, ग्रॅनाइटचे वीस-वीस किलोचे दगड बर्फावरून सरपटत सोडायचे, पुढे दोघांनी झाडूने बर्फ घासत पळायचं आणि बाकीच्यांनी ओरडायचं. मागचा सामना चौदा वर्षांपूर्वी झाला होता. त्यानंतर लग्नं झाली, मर्तिकं झाली, पोस्ट ऑफिस बंद पडलं, पण सामना झाला नाही.

सामन्याआधी बर्फ मोजायचा मान टॉशॅक घराण्याचा. नियम सोपा आहे. तळ्यावर सात ठिकाणी भोकं पाडायची, चौथं बरोबर मधोमध, जिथे खालून झरा येतो आणि बर्फ सगळ्यात पातळ असतो. सातही जागी सात इंच भरला की वहीत नोंद करून सही ठोकायची आणि बोटींच्या शेडवर झाडू उभा बांधायचा. झाडू उभा राहिला की सामना ठरला. तो उतरवायचा हक्कही फक्त बर्फ मोजणाऱ्याचा, आणि उतरवला तर कारण वहीत लिहावं लागतं.

लॅकलनची ही पहिलीच वेळ होती. वडील गेल्यावर मोजायची पितळी पट्टी त्याच्याकडे आली होती, पण मोजायला बर्फच आला नव्हता. वय अठ्ठावन्न. पेशाने तो गाड्या तपासून त्या रस्त्यावर चालवायला योग्य आहेत असा शिक्का मारणारा माणूस. तीस वर्षांत त्याने एकही ब्रेक स्वतः दाबून पाहिल्याशिवाय पास केला नव्हता. तर असा हा माणूस गुरुवारी पट्टी आणि गिरमिट घेऊन तळ्यावर गेला, काठापासून अकरा पावलं चालला आणि थांबला.

कारण बर्फ काळा होता. काळा म्हणजे स्वच्छ, काचेसारखा, खालचं सगळं दाखवणारा. सात वर्षांचा असताना अशाच बर्फावर लॅकलनने पायाखाली पाहिलं होतं, तर खालून एक मासा त्याच्याकडे बघत होता. मासा मेला होता की जिवंत, हे त्याला शेवटपर्यंत कळलं नाही. एवढंच. बुडालं कोणी नाही, पडलं कोणी नाही. पण त्या दिवसापासून अर्डोच्या तळ्यावर लॅकलन कधी लव्हाळ्याच्या पुढे गेलेला नव्हता, आणि बर्फ क्वचितच धरत असल्यामुळे हे कोणाच्या लक्षात यायचंही कारण नव्हतं.

त्याने लव्हाळ्यातच ओळीने सात भोकं पाडली. साडेनऊ इंच भरला. मग शेडमध्ये बसून त्याने वहीत तळ्याचा नकाशा काढला आणि त्यावर सात फुल्या छान अंतरा-अंतरावर पसरून दिल्या. चौथी मधोमध. नकाशा सुबक आला होता. त्याने सही केली, झाडू बांधला आणि घरी जाऊन दार लावून घेतलं.

आता एकच गोष्ट त्याला वाचवू शकत होती: हिम. बोटभर नव्हे, तेवढं लोक झाडून टाकतील, झाडू सगळ्यांकडे होतेच. चांगलं फूटभर. फूटभर हिम साचलं की सामना आपोआप रद्द. कोणाचा दोष नाही, कोणाची सही खोडायला नको. पण थंडी नुसती कोरडी पडली होती. उणे चौदा. आकाश धुतल्यासारखं निळं.

"आठव्यांदा पडदा सरकवलास," त्याची बायको एफी म्हणाली. ती स्वयंपाकघरात तिच्या आईच्या पातेल्यात डुकराच्या हाडाचं मसुराचं सूप करायच्या तयारीला लागली होती. चौसष्ट माणसांचं सूप म्हणजे तीन दिवसांचं काम. "काय बघतोयस एवढं?"

"हिम पडेल असं वाटतंय."

"पडेल असं वाटतंय, की पडावं असं वाटतंय?"

लॅकलनने पडदा परत ओढला.

"हां, आलं लक्षात," एफी म्हणाली. ती मूळची दक्षिण काठाची. "आमच्या लोकांना घाबरलास. तुझा बाप पण असाच सामन्याआधी आठवडाभर जेवायचा नाही. गाजरं चीर, घे."

त्याने गाजरं चिरली. चकत्या सात इंचांच्या हिशेबाने जाड येत होत्या असं एफीचं म्हणणं पडलं.

शुक्रवारी त्याने गॅरेजमधून डोंगरावरच्या टॅम गिलरॉयला फोन केला. टॅम मेंढपाळ. चाळीस वर्षं अख्ख्या खोऱ्याला हवामान सांगायचा तो त्याचा उजवा गुडघा.

"टॅम, गुडघा काय म्हणतोय?"

"काहीच नाही."

"ठणकत नाही? जरासुद्धा?"

"अरे, बदलून घेतला ना ऑक्टोबरात. धातूचा आहे. त्याला काय कळतंय, डोंबल!"

लॅकलनने फोन ठेवला आणि तपासणीच्या एका कोऱ्या फॉर्मच्या मागे बर्फावर येणाऱ्या वजनाचं गणित मांडलं. चौसष्ट खेळाडू. एकशे अठ्ठावीस दगड. बघे दोनशे तरी. बॅगपाइप वाजवणारा एक. सुपाचं पातेलं, भरलेलं. चर्चचे पाद्री रेव्हरंड बाल्नेव्हिस यांना त्याने बेरजेत वेगळं धरलं, कारण ते तेवढे जड होते. बेरीज बघून त्याने फॉर्म फाडला. फाडलेल्या तुकड्यांवरही आकडे दिसत होते म्हणून ते शेकोटीत टाकले.

तेवढ्यात दारात मिसेस ग्रिझेल पिटकेथली उभ्या. क्लबच्या सेक्रेटरी, वय अठ्ठ्याहत्तर, काखेत बर्फवही. नवरा आर्ची तीन वर्षांपूर्वी गेल्यावर सेक्रेटरीपद त्यांच्याकडे आलं होतं आणि आर्चीची राख बिस्किटांच्या डब्यात.

"नकाशा सुरेख काढलास," त्या म्हणाल्या.

"मिसेस पिटकेथली, मी काय म्हणतो," लॅकलन म्हणाला, "अजून दोन दिवस थांबलो तर? बर्फ आणखी पक्का होईल."

"म्हणजे शनिवारचा सोमवार. सोमवारी कामं सोडून कोण येणार? आणि थंडी मोडली म्हणजे? चौदा वर्षं थांबलोय, लॅकलन. आर्ची थांबता थांबता गेला. उद्या डबा घेऊन येणार आहे मी."

"नाही, मी आपलं सुरक्षिततेच्या दृष्टीने..."

"सुरक्षिततेचं तू सही करून दिलंयस की." त्यांनी वहीवर बोटाने टकटक केलं. "बरं, मुख्य सांगायचं राहिलं. पहिला दगड कोणी सोडायचा ते ठरलं. तुझी एली."

एली म्हणजे लॅकलनची नात, सहा वर्षांची, स्टर्लिंगला राहणारी. उद्या सकाळी येणार होती.

"एली कशाला? केवढीशी आहे ती. दगड उचलणार नाही तिला."

"उचलायचा कुठे असतो, ढकलायचा असतो. मधोमध उभी करू, सगळ्यांना दिसेल अशी. चौथ्या फुलीवर." त्या निघाल्या आणि दारातून वळल्या. "तुझा रंग बरा दिसत नाही रे. सूप पी."

त्या गेल्यावर लॅकलन एका गाडीखाली जाऊन पडून राहिला. तिथे कोणी विचारत नाही काय करतोस म्हणून. मधोमध. चौथ्या फुलीवर. त्याला एलीचे लाल बूट दिसले, आणि बुटांखाली तो मासा. त्या रात्री त्याने लहानपणानंतर पहिल्यांदा प्रार्थना केली, आणि प्रार्थनेतही इंच सांगितले: बारा. कमी नको.

पहाटे पडदा सरकवला. चांदण्या लख्ख. एकही ढग नाही.

साडेसातला, जेमतेम दिसायला लागलं तेव्हा, तो शेडपाशी पोचला. पूर्वेकडे तेवढ्या वेळात राखाडी काहीतरी चढून आलं होतं, पण त्याचं तिकडे लक्ष नव्हतं. शिडी लावायची, झाडू उतरवायचा, वहीत कारण लिहायचं, असं ठरवून तो आला होता. मिसेस पिटकेथलींनी वही काल परत शेडमध्ये आणून ठेवली होती. त्याने लिहायला घेतलं, "मी गुरुवारी", आणि पेन गोठलं. काखेत धरलं, परत गोठलं. शाईच्या दोन शब्दांकडे बघताना त्याच्या लक्षात आलं की पुढचं वाक्य चौदा वर्षं वाट पाहिलेल्या दोनशे माणसांसमोर मोठ्याने वाचलं जाणार, आणि एफी पुढच्या रांगेत असणार.

मग एकच उरलं. खरं मोजायचं.

त्याने कपडे वाळत घालायची दोरी आणली होती. एक टोक शेडच्या खांबाला, एक कमरेला. लव्हाळ्यापर्यंत चालत गेला. पुढे चार पावलं. मग तो हळूच हातापायांवर आला, मग पोटावर. दोरी साठाव्या फुटाला संपली. तळ्याचा मध्य तिथून दोनशे फूट पुढे होता. बराच वेळ तो त्या ताणलेल्या दोरीला बांधलेल्या कुत्र्यासारखा पडून राहिला, आणि मग त्याने गाठ सोडली.

बर्फ बोलत होता. खूप थंडी पडली की तो बोलतो हे अर्डोत शेंबड्या पोरालाही माहीत असतं, पण पोटावर पडून ऐकलेलं वेगळं. दूर कुठेतरी जडशी वस्तू आपटल्यासारखा आवाज व्हायचा आणि तो पोटाखालून सळसळत पलीकडच्या काठाला जायचा. प्रत्येक आवाजाला लॅकलन डोळे मिटून घ्यायचा. खाली पाहायचं नाही असं त्याने ठरवलं होतं, आणि तोंड खाली असल्यामुळे दुसरीकडे कुठे पाहता येत नव्हतं. काळं, खोल, पांढऱ्या बुडबुड्यांच्या रांगा. मासा कुठे नव्हता, म्हणजे असला तरी दिसत नव्हता, म्हणजे केव्हाही दिसला असता. गिरमिट पुढे ढकलायचं, मग कोपरं, मग गुडघे. एली, एली, असं तो म्हणत होता की नुसते दात वाजत होते, त्याचं त्यालाच कळेना. मिशीचा बर्फ बर्फाला चिकटत होता.

मध्यावर पोचल्यावर त्याला तिथे एक काटकी उभी दिसली. काटकी एका भोकात रोवलेली, भोक पुन्हा गोठलेलं, काटकीला लाल लोकरीचा तुकडा बांधलेला.

"पावणेनऊ," वरून आवाज आला.

लॅकलनने मान वर केली. मिसेस पिटकेथली उभ्या होत्या. नाइट गाउनवर नवऱ्याचा कोट, बुटांना खिळे, हातात थर्मास. अशा उभ्या होत्या जणू बसची वाट बघतायत.

"मधोमध पावणेनऊ इंच. बाकी सगळीकडे नवाच्या वर. गुरुवारी दुपारी पाडलं हे, तू गेल्यावर. उठ आता, छातीला गारठा बसेल."

"तुम्ही मोजलंत?" तो पोटावरूनच म्हणाला.

"मग कोण मोजणार? तुझ्या वडिलांच्या वेळी आर्ची मोजायचा. आता मी."

"वडिलांच्या वेळी?"

"तुझा बाप लव्हाळ्याच्या पुढे जन्मात गेला नाही, राजा. तुझा आजासुद्धा नाही असं माझी सासू सांगायची. टॉशॅक वहीत लिहायचे, पिटकेथली मागून मोजायचे. फार चांगली पद्धत आहे. तुमचं अक्षर छान."

लॅकलन उठून बसला. बर्फ बोलला. तो पुन्हा आडवा होणार होता, पण मिसेस पिटकेथलींनी त्याची कॉलर धरली.

"मग काल सांगितलं का नाहीत? मी दोन दिवस मरतोय."

"तू विचारलंस का? तू म्हणालास, बर्फ आणखी पक्का होऊ दे. मला वाटलं बापापेक्षा जरा जबाबदार निघाला."

"आणि ती पाटी? एकही खोटी नोंद नाही?"

"ती तुझ्या वडिलांनीच बसवून दिली. स्वखर्चाने." त्यांनी थर्मासचं झाकण भरून त्याच्या हातात दिलं. चहात व्हिस्की होती, किंवा उलट. "पी, आणि चालत ये. काठावरून लोक बघतील. नऊला बस येतेय दक्षिणेची."

तो चालत आला. सुरुवातीला त्यांच्या कोटाची बाही धरून, मग न धरता. लव्हाळ्यापाशी पोचल्यावर तो मागे वळला, आणि जिथून आला होता तिकडे वीसेक पावलं एकटाच परत जाऊन आला. पायाखाली पाहिलं. पाणी होतं. बस. अठ्ठावन्न वर्षांत त्याला एखादा खेळ खेळावासा वाटला असेल तर तो त्या क्षणी. एली येईल, तिच्यामागे आपण उभे राहू, दगडाला हात लावू, मधोमध. त्याने शेडवरच्या उभ्या झाडूकडे पाहिलं तेव्हा झाडूच्या काड्यांवर काहीतरी पांढरं दिसत होतं.

हिम साडेआठला सुरू झालं. दुपारी एकपर्यंत सोळा इंच पडलं. ते लॅकलनने तळ्याच्या मधोमध जाऊन मोजलं आणि वहीत लिहिलं. सामना रद्द झाला. सूप मार्चपर्यंत पुरलं.