यंत्राची धर्ममाता

पैसे काढायच्या यंत्राला बाप्तिस्मा द्यायचा असं बँकेनं ठरवलं, तेव्हा मला हसू आलं होतं. आता त्या हसण्याचीच चीड येते.

होंडुरासच्या आमच्या या डोंगरात नवं काहीही पाद्रेंनी पाणी शिंपडल्याशिवाय सुरू होत नाही, आणि पाणी शिंपडायचं तर बाप्तिस्म्याच्या लेकराला असते तशी धर्ममाता हवीच. बँकेच्या कालिक्स साहेबांनी गावातल्या म्हाताऱ्या डोन्या तोमासाला निवडलं. का, तर फोटोत सुरकुत्या बऱ्या दिसतात. बिचारीनं ठेवणीतली शाल पांघरली, फीत कापली, यंत्रावर हात ठेवला. उद्घाटनाला आलेल्या मंत्र्यानं नव्या मोबाइल टॉवरकडे बोट दाखवून भाषण ठोकलं, की आता बँक तुमच्या दारात आली. आम्ही टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, जळले मेले माझे हात.

तोमासाला त्या यंत्राचं एवढं अप्रूप का होतं, ते सगळ्या गावाला ठाऊक आहे. कॉफीचे पैसे असोत की ह्यूस्टनहून लेकीनं पाठवलेले, ते आणायला खाली शहरात जावं लागतं, आणि परतताना खिंडीच्या वळणावर लुटारू टपलेले असतात. तिच्या पोराला, ओल्विनला, त्यांनी तिथंच गोळी घातली. त्याचा क्रूसही तिथंच आहे. "आता कुणाच्या पोराला खाली जायला नको," असं ती सकाळपासून भेटेल त्याला सांगत होती.

मंत्र्याची गाडी दिसेनाशी झाली, तोच बँकेच्या दोन माणसांनी यंत्र उचलून ट्रकवर चढवलं. कॉफीचं पोतं चढवावं तसं, सहज.

तोमासा माझ्या दुकानाच्या पायरीवर कॉफी पीत होती. कप खाली ठेवून ती उठली.

"कोंपाद्रे," तिनं साहेबांना हाक मारली. लेकराचा बाप आणि धर्ममाता एकमेकांना असंच म्हणतात. "आपलं लेकरू कुठं चाललं?"

"पुढच्या गावी, आजी. तिथंही उद्घाटन आहे ना."

"दोघांनीच उचललं. त्याच्या पोटात आहे काय?"

"आत्ता काही नाही, नुसता सांगाडा. टॉवर सुरू झाला की खरं यंत्र येईल."

"म्हणजे टॉवरही बंदच?" मी विचारलं.

"जोडणी राहिलीय, ताई. विकासाला वेळ लागतो."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी ट्रकसमोर जाऊन उभी राहिले. मग बाकीच्या बायकाही आल्या.

"मेलेलं लेकरू दिलंत होय माझ्या हातात?" तोमासा म्हणाली. "पाद्रे, तुम्हाला माहीत होतं?"

पाद्रे इलारियोंनी नाही म्हणून मान हलवली. त्यांचाही चेहरा उतरला होता.

"आजी, तमाशा नको," साहेब म्हणाले.

"तमाशा कोण करतंय? मढं गावोगाव नाचवायला तुम्ही निघालात. धर्मलेकरू गेलं की कफन धर्ममातेनं द्यायचं असतं. उतरवा त्याला."

साहेबांनी पोलिसांना फोन लावला. मोबाइल उंच धरला, टॉवरच्या पायथ्याशी गेले, दगडावर चढले. रेंज काही येईना.

"का हो साहेब, वेळ लागतोय?" मी विचारलं.

आम्ही बायकांनीच यंत्र उतरवून खिंडीत नेलं आणि ओल्विनच्या क्रूसाशेजारी खड्डा खणला. तोमासानं अंगावरची शाल काढून त्यावर पांघरली. माती लोटताना तिनं मंत्र्याला आणि बँकेला शिव्यांची लाखोली वाहिली. पाद्रे बाजूलाच उभे होते. त्यांनी तिला एका शब्दानंही अडवलं नाही.

साहेब धापा टाकत मागून आले. "मी बँकेत काय सांगू?"

"सांगा, पुरलं." तोमासानं हात झटकले. "शुक्रवारी कॉफीचे पैसे मिळणार आहेत. आणायला तुम्ही चला आमच्याबरोबर, कोंपाद्रे. येताना सगळ्यांचे पैसे तुमच्या खिशात ठेवू."

साहेबांनी वळणाकडे पाहिलं आणि लगेच गाडीच्या दिशेनं चालू लागले. भर दुपारी, एवढी माणसं भोवती असताना, त्यांना तिथं थांबायची भीती वाटली.