पान नव्हे, मण्यार

साळूबाईनं आयुष्यात दोन नावं कधी घेतली नव्हती. एक नवऱ्याचं आणि दुसरं सापाचं. नाव घेतलं की ते येतं, असं पिशोरला माहेरी लहानपणीच तिच्या डोक्यात बसवलेलं. म्हणून दिसलं तर 'जनावर' म्हणायचं आणि कुणाला चावलं तर 'पान लागलं' म्हणायचं. नवऱ्याचं नाव घेतलं तर त्याचं आयुष्य कमी होतं, हे पुढं सासरी कळलं. दोन्ही नेम तिनं तीस वर्षं पाळले. आणि नवरा असा निघाला की सापच धरून घरी आणायचा आणि बरणीत ठेवायचा. आता या बाईनं करावं तरी काय?

नवऱ्याचं नाव सांडू. तिला घेता येत नसलं तरी आपल्याला घ्यायला हरकत नाही. चिकलठाण्याच्या पुढं त्याचं रान होतं. ते विकलं गेलं, तिथं 'हरितवन' नावाची रो-हाउसेसची वसाहत उभी राहिली आणि आपल्याच जुन्या बांधावर सांडू वॉचमन म्हणून खुर्ची टाकून बसला. हरितवनात झाड म्हणाल तर कुंडीतलं. जमीन विकली गेल्याचं रानातल्या सापांना मात्र कुणी कळवलं नव्हतं. त्यात दोन हजार बाराचा पावसाळा नुसता तोंड दाखवून गेला. विहिरी आटल्या, वसाहतीत टँकर येऊ लागले आणि ओल हुडकत साप कूलरखाली, न्हाणीत, टाकीच्या झाकणापाशी निघू लागले. मोठमोठ्या पगाराची माणसं पलंगावर चढून सांडूला फोन करू लागली.

सांडूचा हात त्यात बसलेला होता. काठीच्या टोकाला वाकवलेली सळई, एक जुनं धोतर आणि प्लॅस्टिकची बरणी, एवढ्यावर तो साप धरायचा. काल 'ए वॉचमन' म्हणणारे आज 'सांडूभाऊ' म्हणू लागले. पाच नंबरच्या घरातल्या वैजनाथरावांनी, म्हणजे बँकेतून निवृत्त झालेल्या साहेबांनी, त्याची कार्डं छापून दिली. वर फणा काढलेला नाग आणि खाली 'सर्पमित्र सांडूभाऊ'. सांडू ते कार्ड शर्टाच्या वरच्या खिशात असं ठेवायचा, की नाग बाहेर डोकावला पाहिजे.

धरलेला साप वन खात्याला कळवून रानात सोडायचा असतो. घरात ठेवणं हा गुन्हा आहे आणि सांडूला ते चांगलं ठाऊक होतं. पण कुणी विचारलं की तो म्हणायचा, "सोडू कुठं? गौताळ्याच्या रानात घोटभर पाणी नाय. पाऊस पडू द्या, मग सोडतो." ऐकणाऱ्याला ते पटायचंही. खरी गोष्ट वेगळी होती. सोडलेला साप कुणाला दाखवता येत नाही. बरणीतला दाखवता येतो. रविवारी वसाहतीतल्या लोकांचे पाहुणे चहा झाला की सांडूच्या पत्र्याच्या खोलीत यायचे. दोन नाग, एक घोणस आणि एक मण्यार अशा चार बरण्या फळीवर मांडलेल्या. पाहुण्यांचं तोंड कोरडं पडायचं आणि सांडूची छाती फुगायची. ज्याच्या नावावर आता एक गुंठाही उरला नव्हता, त्या माणसाच्या ताब्यात चार मरणं होती. लोक विषारी साप का पाळतात, याचं उत्तर साळूबाईला कुठल्या पुस्तकात शोधावं लागलं नाही. ती त्याच खोलीत स्वयंपाक करत होती.

"अवो, ही जनावरं घरात नगं," असं तिनं किती वेळा सांगितलं असेल. त्यावर तो हसायचा. "जनावर काय म्हणतीस? साप म्हण की. मी जवळ आसताना भ्यायचं काय?" तिनं तोंडाला पदर लावला की त्याला आणखीच चेव यायचा.

मार्चमधल्या एका रविवारी सकाळी वैजनाथराव पुण्याहून आलेल्या पुतण्याला घेऊन आले. देवेश त्याचं नाव. त्याला मण्यारीचा फोटो हवा होता, पण बरणीचं प्लॅस्टिक चमकून नीट येईना. ही मण्यार वैजनाथरावांच्याच न्हाणीत सापडलेली. काळी कुळकुळीत, अंगावर पांढरे बारीक पट्टे. सांडूनं झाकण काढलं आणि ती सरळ हातावर घेतली. दिवसा मण्यार सुस्त असते, डोकं वेटोळ्यात घालून पडते. "दिवसा ही गाय आसती बघा," तो म्हणाला. देवेशनं सात-आठ फोटो काढले, वैजनाथरावांनी लांबूनच वाहवा केली आणि दोघं जेवायची वेळ झाली म्हणून निघून गेले.

सांडूनं मण्यार बरणीत घातली, हात धुतला, भाकरी खाल्ली, वर पान लावून तोंडात टाकलं. करंगळीला मुंगी चावल्यासारखं झालं होतं खरं. पण रक्त नाही, सूज नाही, आग नाही. नाग चावला तर हात सुजतो, घोणस चावली तर माणूस वेदनेनं लोळतो. मण्यार तसलं काही करत नाही. या सापाची खरी लबाडी हीच, आणि चार बरण्यांचा मालक तिला गाय म्हणून बसला होता.

दुपारी दीडच्या सुमारास त्याच्या पोटात कळा येऊ लागल्या. मग पापण्या मिटू लागल्या. झोप आली असेल म्हणून साळूबाईनं चटई टाकली, तर तो बोटांनी पापणी वर धरून तिच्याकडं बघत होता. जीभ जड झाली होती.

"साळे," तो म्हणाला, "पान लागलं गं."

जन्मभर तिच्या या शब्दाची टर उडवणारा माणूस आज त्याच शब्दाच्या आडोशाला गेला होता. तो किती भ्यालाय हे तिला तेवढ्यावरूनच कळलं.

"कुनाला सांगू नगं," तो पुढं बरळला. "बरण्या धरतील. केस व्हईल."

शेजारची भागूबाई धावत आली आणि देवळात नेऊन पाच फेऱ्या घालू म्हणाली. साळूबाईनं तिला बाजूला सारलं, "देवाला उद्या नारळ फोडू, आदी रिक्षा बोलव," म्हणून सांगितलं आणि भागूबाईच्या नातेवाइकाच्या रिक्षात नवऱ्याला घालून जालना रोडवरच्या एका दवाखान्यात आणलं.

खिडकीतल्या माणसानं कागद पुढं ओढला. "पेशंटचं नाव?"

"संस्कृतीचे वडील," ती म्हणाली. संस्कृती म्हणजे त्यांची मुलगी, फुलंब्रीला दिलेली.

"पेशंट संस्कृती का?"

"नाय, नाय. तिचे वडील."

"अहो, त्यांचं नाव सांगा ना." मागं रांग वाढत होती. नेहमी अशा वेळी शेजारचं कुणीतरी नाव सांगायचं, पण भागूबाई रिक्षातून आलीच नव्हती. तेवढ्यात आतून हाक आली म्हणून साळूबाई नाव न सांगताच आत गेली.

आत डॉक्टर मृण्मयी होत्या. वयानं संस्कृतीएवढ्या, नुकत्याच या शहरात आलेल्या. "काय झालं?" त्यांनी विचारलं.

"पान लागलं, ताई."

डॉक्टरांनी सांडूचं तोंड उघडून पाहिलं. आत लालभडक. डोळे अर्धे मिटलेले, बोलणं दारू प्यायल्यासारखं. "किती पानं खाल्ली? तंबाखू होती?"

साळूबाई गोंधळली. "खाल्लं नाय. लागलं."

"हो, लागलं. सुपारी लागते तसंच ना? काका, पानात काय होतं?"

आणि सांडूला, त्या तसल्या अवस्थेतही, सुटायची वाट दिसली. बरण्या वाचत होत्या, कार्ड वाचत होतं. त्यानं मान हलवली. "व्हय," तो कसाबसा म्हणाला. "पानच. तंबाकू... ज्यास्त."

डॉक्टर नर्सला सलाइन लावायला सांगून पलीकडच्या खाटेकडं वळल्या. साळूबाई नवऱ्याकडं बघत राहिली. हा माणूस सापानं मरायला निघाला होताच, आता खोटं बोलून मरायला निघाला होता. तिला भीती वाटली नाही, तिला संताप आला. आईनं शिकवलेलं, सासूनं शिकवलेलं, सगळं त्या संतापात वाहून गेलं. तिनं पलीकडं जाऊन डॉक्टरांचा दंड धरला.

"ताई, ह्ये खोटं बोलतंय. ह्याचं नाव सांडू. सांडू कारभारी. ह्याला साप चावलाय. मण्यार. घरात पाळलीया ह्यानं, बरणीत. सकाळी साडेअकराला हातावर घेतली व्हती." तिचा आवाज चढत गेला. "साप. मण्यार साप. सांडूला चावलाय. लिवा."

सगळा वॉर्ड वळून बघू लागला. सांडूनं तोंड फिरवायचा प्रयत्न केला, पण मान वळेना. डॉक्टर मृण्मयींचा चेहरा क्षणात बदलला. त्यांनी पापण्या तपासल्या, "जीभ बाहेर काढा" म्हटलं, ती निघेना, आणि मग त्या नर्सवर जवळजवळ धावून गेल्या. प्रतिविषाच्या कुप्या आल्या. तासाभरात सांडूचा श्वास उथळ झाला आणि त्याच्या घशात नळी घालून त्याला यंत्रावर ठेवलं.

"अर्धा तास आणखी गेला असता तर मी काही करू शकले नसते," डॉक्टर तिला बाहेर येऊन म्हणाल्या. "मण्यारीचं विष अंगातले सगळे स्नायू बंद पाडतं. छातीसुद्धा. मला 'पान लागणं' म्हणजे हे माहीतच नव्हतं, मावशी."

"आता म्हाईत झालं," साळूबाई म्हणाली.

दोन दिवस सांडू मेल्यासारखा पडून होता. डोळे मिटलेले, बोटसुद्धा हलत नव्हतं. पण नर्स म्हणाली, "मावशी, त्यांना सगळं ऐकू येतं हं. फक्त हलता येत नाही." साळूबाईला हेच हवं होतं. तीस वर्षांत नवऱ्यानं तिचं असं न उठता, न हसता, मध्ये न बोलता कधी ऐकलं नव्हतं. ती स्टुलावर बसायची आणि नावानं हाक मारून सुरू व्हायची. "सांडू, रान गेलं म्हनून तू मोठेपना बरणीत भरलास. सांडू, मला कुनी सर्पमित्राची बायको म्हणत नाय, मी भाकरी थापते त्या फळीखाली." बोलता बोलता रडायची, डोळे पुसायची, पुन्हा सुरू. नर्सनं एकदा, मावशी, हळू, असं सांगून पाहिलं आणि नाद सोडला.

तिसऱ्या दिवशी पापणी हलली. पाचव्या दिवशी नळी निघाली. घसा बसलेला. पहिलं वाक्य काय, तर, "चारचौगात माझं नाव घेतलंस. आयुष्य कमी हुतं."

"घेतलं म्हणून हाये," ती म्हणाली आणि चमच्यानं पेज भरवू लागली.

तो घरी आला, बरण्यांची चौकशी करायला कुणी आलं नाही, आणि पंधरा दिवसांत हरितवनात त्याचा सत्कार ठरला. मरणाला हरवून आलेला माणूस, वसाहतीची शान वगैरे. वैजनाथरावांनी निरोप पाठवला, की येताना ती मण्यारही आणा, लोकांना बघायचीय. साळूबाईला वाटलं, आता तरी हा शहाणा झाला असेल. पण सांडूनं कार्ड खिशात खोवलं, बरणी पुसली आणि निघाला. ती पायात चपला घालून त्याच्या मागोमाग गेली.

सभागृह भरलं होतं. बरणी टेबलावर ठेवली गेली, सांडूच्या अंगावर शाल आली, हातात नारळ आला. मोबाइल वर झाले. एक पापणी अजून जड असलेला सांडू हसत उभा होता. वैजनाथरावांनी चांगलं लांबलचक भाषण केलं आणि शेवटी म्हणाले, "वहिनी, तुम्हीही दोन शब्द बोला. अशा धाडसी माणसाबरोबर संसार करणं काही सोपं नाही."

साळूबाई उठली. तिनं टेबलावरची बरणी दोन्ही हातांनी उचलली. आयुष्यात पहिल्यांदाच. आतली मण्यार हलली आणि पहिली रांग मागं सरकली.

"साहेब, ही मण्यार तुमच्या न्हाणीत निगाली व्हती," ती म्हणाली. "म्हंजे तुमची हाये. घरी घिऊन जा."

वैजनाथराव हसले. "वहिनी, चेष्टा करताय. आमच्या घरात लहान मुलं आहेत."

"आमच्या घरात मानसं हायेत." तिनं बरणी त्यांच्या पुढं धरली. ते दोन पावलं मागं गेले. ती दुसऱ्याकडं वळली. "तुमी नेता? तुमी? नाय? ज्याला बघायची हौस आसंल त्यानं आपल्या फळीवर ठिवावी. रोज बघावी. तुमच्या घरातनं काढायची आन् माझ्या चुलीवर मांडायची, आन् चावली की शाल घालायची? शाल नगं आमाला."

मोबाइल खाली आले. सांडू एकेकाच्या तोंडाकडं बघत होता. 'भाऊ' म्हणणारी सगळी माणसं खुर्च्या सरकवत भिंतीला लागली होती. त्याच्याजवळ एकटी साळूबाई बरणी धरून उभी होती.

त्यानं शाल काढून घडी घातली, टेबलावर ठेवली आणि तिच्या हातातली बरणी आपल्या हातात घेतली.

"वैजनाथसाहेब," तो बसलेल्या आवाजात म्हणाला, "गाडी काढा. वन खात्याच्या हापिसात जायचंय. घरून आनखी तीन बरण्या घ्यायच्यात."

"माझ्या गाडीतून?" वैजनाथरावांचा चेहरा उतरला. "साप?"

"मग कशातनं न्यायच्या? रिक्षावाल्याला बी लहान पोरं आसतात."

सगळ्यांसमोर नाही म्हणणं वैजनाथरावांना जमेना. त्यांनी किल्ली काढली. गाडीपाशी जाऊन पाहतात तो साळूबाई आधीच पुढच्या सीटवर बसलेली होती. मागची जागा तिनं सांडूसाठी आणि बरण्यांसाठी ठेवली होती.