हातमोज्यांची परीक्षा

घाटकोपरच्या त्या छोट्या इस्पितळात हाउस सर्जनची जागा एकच, आणि उमेदवार दोन: जयवंत आणि उत्तरा. दोघंही नुकतेच डॉक्टर झालेले. सर्जन डॉ. श्यामकांत सबनीस यांनी आठवडाभर दोघांना ऑपरेशनला हाताशी घेतलं होतं, आणि शनिवारी निकाल सांगणार होते. जयवंतला दुसरीकडे कुठेही जागा मिळाली असती. उत्तराला मात्र दोन इस्पितळांनी ‘बाईमाणसानं बाळंतपणं करावीत’ म्हणून वाटेला लावलं होतं. ही जागा गेली तर सर्जरीचं नाव काढणार नाही, असं तिनं घरी कबूल केलं होतं.

थिएटरच्या वनमाला सिस्टरना हे सगळं ठाऊक होतं. नसेल तर त्या वनमाला सिस्टर कसल्या! बाई मालवणकडच्या, तोंडानं फटकळ, पण पोटात माया. ही पोरगी पेशंटच्या पायावर चादर नीट ओढून मगच बाहेर पडते, एवढ्यावरच त्यांचा तिच्यावर जीव जडला होता. पण निवड करणार डॉक्टर.

शनिवारी हर्नियाचं ऑपरेशन होतं. शेवटचे टाके घालताना उत्तरा थांबली.

“सर, सुई लागली. हातमोजा बदलते.”

“आत्ता? ऐन मोक्याला?” सबनीस उखडले. ती हात धुऊन येईतो जयवंतनं डॉक्टरांच्या बरोबरीनं झपाझप टाके संपवले.

बाहेर येताच डॉक्टर म्हणाले, “ठरलं, वनमालाबाई. जयवंतचा हात झकास आहे. मुलगी गुणी, पण धांदरट.”

सिस्टर हातमोजे धुवायला बसल्या. त्या काळी हातमोजे फेकून द्यायची चैन नव्हती. धुवायचे, पाणी भरून गळतात का बघायचं, हातावरचे जंतू जखमेत जाऊ नयेत म्हणून भोकाला रबराचं ठिगळ लावायचं आणि वाफेत निर्जंतुक करून पुन्हा वापरायचे. आजचे सगळे सिस्टरांनी ऑपरेशनआधी स्वतः तपासलेले होते. एकही गळका नव्हता.

उत्तराचा साडेसहा नंबरचा गळला. गळणारच. मग त्यांनी जयवंतचा साडेसात नंबरचा भरला, मनगट पिळून बोटं दाबली, तर अंगठ्यातून बारीक धार उडाली.

“अगो बाय!” म्हणत त्यांनी राहिलेले हातमोजेही भरून पाहिले. आणखी एक गळला. मग तिन्ही गळके ट्रेमध्ये घालून त्या तरातरा डॉक्टरांच्या खोलीत गेल्या. डॉक्टर जयवंतच्या नेमणुकीचं पत्र लिहीत होते.

“हा उत्तराचा. तिनं सांगितलं होतं. हा जयवंतचा.”

पेन थांबलं. “कळलं नसेल त्याला.”

“नसेलही,” सिस्टर म्हणाल्या.

“आणि हा तिसरा?”

“आठ नंबर.”

आठ नंबर त्या इस्पितळात एकच माणूस घालायचा. झालं, आता आपली वाट लागली, असं सिस्टरना वाटलं. डॉक्टरांनी आपल्या तर्जनीकडे पाहिलं.

“मला कळलं होतं,” ते हळूच म्हणाले. “दोनच टाके राहिले होते. म्हटलं, आता कोण पुन्हा हात धुतो. असं पूर्वीही एकदा झालं होतं...”

“सहादा,” सिस्टर म्हणाल्या. “ठिगळं मीच लावली.”

“आणि एकदाही बोलला नाहीत?”

“कशी बोलणार? तुम्ही डॉक्टर. मी भ्यायले. चुकलंच माझं.” सिस्टरांचे डोळे भरून आले. “आजसुद्धा पोरीचं नुकसान होतंय म्हणून तोंड उघडलं.”

डॉक्टरांनी पत्र फाडलं आणि नवीन लिहायला घेतलं. “जयवंतशी मी बोलतो. चांगला मुलगा आहे, शिकेल. आजच्या पेशंटची जखमही रोज मीच बघेन.” पत्र घेऊन ते स्वतःच व्हरांड्यात गेले. उत्तरा बाकावर बसली होती. डोळे लाल होते.

“सोमवारी सात वाजता हजर व्हायचं,” ते म्हणाले. “आणि माझ्या हाताला सुई लागलेली दिसली, तर तिथल्या तिथे मोठ्यानं सांगायचं.”

तिचा विश्वासच बसेना. पत्र दोनदा वाचून तिनं चाचरत विचारलं, “पण तुम्ही ओरडलात तर, सर?”

“ओरडेनच,” डॉक्टर म्हणाले. “तरी सांगायचं.”