गायीचं गाऱ्हाणं

संचिताच्या एका हातात कॅल्शियमची बाटली होती आणि दुसरा गायीच्या काळजावर. पशुदवाखान्यात डॉक्टरांच्या हाताखाली नोकरीला लागून चार महिने झाले होते, आणि तेवढ्या काळात एक म्हैस तिच्या हातून गेली होती. तोंडवली गावातली. सुई शिरेत, बाटली उंच धरलेली. कॅल्शियम भसाभस गेलं आणि म्हशीचं काळीज बंद पडलं. "कुणाच्याही हातून होतं," असं डॉक्टर गुरुप्रसाद म्हणाले होते. पण ती म्हैस कुणाच्याही स्वप्नात येत नव्हती, संचिताच्याच येत होती.

आज महादूकाकांची गाय भर दुपारी अंगणात आडवी पडली होती. पाच दिवसांपूर्वी व्यालेली. डॉक्टर लसीकरणासाठी तळेऱ्याला अडकलेले. "व्यालेली गाय बसली ना? कॅल्शियम लाव," ते फोनवर म्हणाले. "थेंब थेंब सोड. ठोके ऐकत राहा." ही "हो सर" म्हणाली. गायीच्या तोंडाला लाळेची धार लागलीय, हे सांगायचं राहिलं. राहिलं कसलं, तिने ते गिळलं. पोरगी भित्री आहे, नसत्या शंका काढते, असं वाटायला नको ना!

आता ती लाळच तिला खात होती. कॅल्शियम कमी पडलेल्या गायीचं नाक कोरडं पडतं, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात. इथे डोळ्यांतून पाणी, कातडीखाली थरथर आणि बाहुल्या रेघेएवढ्या बारीक. हे तर विषबाधेचं लक्षण. आधीच मंदावलेल्या काळजावर कॅल्शियम सोडलं तर तोंडवलीच पुन्हा.

"काकानू, गायीच्या अंगाक काय लायलास? काय वेगळा खाऊक घातलास?"

"काय एक नाय गो बाय. नेहमीचो चारो." महादूकाका खरं बोलत होते, ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं. यशोदाकाकी खांबाला धरून उभी होती.

गायीचा श्वास घरघरायला लागला. "तू तुझा कर, मी माझा करतंय," म्हणत काकांनी नारळ घेतला आणि देवाला गाऱ्हाणं घालायला तुळशीपुढे उभे राहिले. शेजारची दोन माणसं होकार भरायला हात जोडून मागे आली.

"बा देवा म्हाराजा, ह्या मुक्या जनावराची पीडा दूर कर म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले. काकीही म्हणाली.

"माझ्या घरातल्या कोणाच्या हातान काय चूक झाली नाय, ह्यां तुका म्हायत आसा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

काकीचा आवाज त्यात नव्हता. संचिताने मान वर केली. माणसाशी खोटं बोलता येतं, गप्प राहता येतं. पण देवाच्या गाऱ्हाण्यात खोटा होकार भरायचा म्हणजे जीभ झडायची. काकीचे ओठ हलत होते आणि शब्द फुटत नव्हता.

"काकीनू, काय लायलास?"

काकी मटकन खाली बसली. "गोचडे लय झाले हुते गो! आंब्यावर मारूचा औषध उरला हुता, ताच फडक्यान पुसलंय. ह्येंका सांगूक नाय."

संचिताने बाटली खाली ठेवली आणि फोन लावला. या वेळी तिने सगळं सांगितलं, लाळेसकट. "कॅल्शियम सुरू केलंस?" डॉक्टरांचा आवाज कापरा होता. त्यांनाही भीती वाटते, हे तिला नवीन होतं.

"नाही सर."

"शेजाऱ्यांना साबणाने अंग धुवायला लाव, हातमोजे घालून. तू विषावरचं ॲट्रोपिन काढ. चौथा हिस्सा शिरेत, बाकी कातडीखाली." त्यांनी वजनावरून आकडा सांगितला. तिने तो दोनदा विचारला. पेटीतलं होतं नव्हतं तेवढं सगळं औषध! शेजारी अंग धूत होते तोवर तिने सुई शिरेत घातली; भीती होती, पण हात थांबले नाहीत.

वीस मिनिटं गेली. लाळेची धार बारीक झाली, मग तुटली. ठोके जोरकस झाले. गायीने कान हलवला आणि काकी ओक्साबोक्शी रडायला लागली.

काकांनी बायकोकडे एकदा पाहिलं. रागावले नाहीत. नारळ तसाच हातात होता, त्यांनी गाऱ्हाणं पुन्हा घालायला घेतलं.

"ज्या हातान चूक झाली, त्या हाताक पदरात घे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" काकी म्हणाली.

तिच्याहून मोठ्याने कोणीतरी म्हणालं होतं. सगळे वळून बघायला लागले, तेव्हा संचिताच्या ध्यानात आलं की तो तिचाच आवाज होता.