जावयाची साक्ष

जावई अडकला तो बायकोच्या एका वाक्यामुळे. "भाषण कोण वाचणार विचारलं, तर पप्पांनी तुझंच मनगट धरलं. आता मी काय करू?" असं म्हणून ती इस्त्रीचा शर्ट त्याच्या हातात देऊन मोकळी झाली.

पप्पा म्हणजे त्याचे सासरे, निवृत्त पाळक. दर वर्षी चर्चच्या मागच्या हॉलमध्ये ते एक सभा घ्यायचे, खास देव न मानणाऱ्यांसाठी. या, चहा घ्या, वाटेल ते विचारा, भांडा, असा खुला मामला. यंदा भाषण लिहून झालं, पण सभेच्या आधीच त्यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि जिभेवर एकच शब्द उरला: नाही. भूक लागली तरी नाही, मुलगी जवळ येऊन बसली तरी नाही. समजायचं सगळं, पण बोलायला गेले की तेवढंच बाहेर पडायचं, आणि मान हलवायला जावं तर तीही भलतीकडेच हलायची. जन्मभर 'आहे, देव आहे' म्हणून लोकांचा पिच्छा पुरवणाऱ्या माणसाच्या तोंडी नेमका हाच शब्द उरावा, याचं जावयाला एरवी हसू आलं असतं. आलं नाही, कारण रोज सकाळी त्यांची दाढी तोच करायचा.

हा जावई विमा कंपनीचा सर्व्हेअर. ठोकलेल्या गाड्यांखाली वाकून बघायचं आणि मालक खरं बोलतोय की थापा मारतोय ते ठरवायचं, हा त्याचा धंदा. 'पुरावा दाखवा' हे त्याच्या तोंडात इतकं बसलेलं, की लग्न ठरतानाही त्याने सासऱ्यांना तेच ऐकवलं. "मी देव मानत नाही, आणि मानतो असं खोटं कधी म्हणणारही नाही." पप्पा म्हणाले, "खोटं बोलणार नाहीस ना? मग काही हरकत नाही." या एका शब्दावर दोघांचं इतकी वर्षं बरं चाललं होतं. आणि आता त्याच गृहस्थाला पप्पांचं भाषण हॉलभर लोकांपुढे वाचायचं होतं.

हॉल लहान, दार एकच, तेही शेवटच्या रांगेमागे. व्यासपीठाच्या पायऱ्यांपुढे पप्पांची व्हीलचेअर लावलेली. म्हणजे पळायचं म्हटलं तरी सासरा ओलांडून जावं लागणार. पहिल्या रांगेत बायको. कॉलर गळ्याला काचत होती. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मध्ये माइक.

त्याने वाचायला घेतलं. भाषण पप्पांसारखंच होतं, आडपडदा नसलेलं. 'दगडावर दगड पडला तर तुम्ही चिडत नाही. माणूस माणसाला चिरडतो तेव्हा तुमचं रक्त तापतं. हा फरक तुमच्यात कुणी ठेवला? तुम्ही म्हणता, देव असता तर हे दुःख त्याने पाहिलं नसतं का? मी म्हणतो, नुसतं पाहिलं नाही, तो त्यात उतरला. खिळे सोसले. आपण एकटे पडलो ही तक्रार तुमच्याआधी त्याने केली, वधस्तंभावरून.' इथे जावई अडखळला. का, ते त्यालाही कळलं नाही.

भाषण संपलं तसे वकीलसाहेब उठले. हे पप्पांचे पक्के विरोधक आणि त्याहून पक्के दोस्त. एकही सभा चुकवलेली नाही आणि एकदाही हार मानलेली नाही.

"वाचलंत छान, जावईबापू. पण मी तुम्हाला ऐकायला आलो नाही." ते व्हीलचेअरसमोर येऊन वाकले, आणि त्यांचा आवाज खाली आला. "पाळकसाहेब, दर वर्षी शेवटी मी एकच विचारतो. हे सगळं झाल्यावरही विचारतो. देव आहे?"

पप्पांचा चेहरा लाल झाला. गळ्याच्या शिरा ताठ झाल्या.

"नाही."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. पप्पांनी डोकं झटकलं, पुन्हा जोर लावला. "नाही. नाही. नाही." त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

जावयाने कागद खाली ठेवला. आपण गप्प बसलो तर हा म्हातारा जन्माची कमाई चारचौघांत गमावून घरी जाणार, हे त्याला दिसत होतं.

"ते 'आहे' म्हणताहेत," तो म्हणाला.

"मी 'नाही' ऐकलं. सगळ्यांनी ऐकलं."

"त्यांना दुसरा शब्दच येत नाही. दाढी करताना रोज विचारतो, पाणी बरं आहे का? 'नाही' म्हणतात आणि गाल पुढे करतात. गार असलं तरी 'नाही'च म्हणतात, पण मग गाल आखडतो."

"इथे कुठे गाल पुढे केला त्यांनी?"

लोक हसले. वकीलसाहेब हसले नाहीत. "एवढ्या आघातानंतर माणसाचं मन फिरू शकतं. फिरलं नाही, याला पुरावा काय?"

पुरावा नाही म्हणणाऱ्या किती गाडीवाल्यांचे दावे जावयाने फेटाळले होते! तरी दुसरं उत्तर नव्हतं. "पुरावा नाही."

"मग?"

"मी ओळखतो त्यांना. एवढंच आहे माझ्याकडे."

वकीलसाहेब त्याच्याकडे बघतच राहिले. "कमाल आहे. येशूबद्दल तुमचे सासरे मला इतकी वर्षं हेच सांगत आले, आणि मी त्याला पळवाट म्हणत आलो." ते जागेवर जायला वळले आणि थांबले. "आणि तुम्ही? तुम्ही मानता का?"

झालं. 'मानतो' म्हणावं तर शब्द मोडला. 'मानत नाही' म्हणावं तर आत्ताच कसंबसं सावरलेलं सगळं पुन्हा कोसळणार. ज्याला घरचा जावई पटवता आला नाही, तो बाहेरच्यांना काय पटवणार? बायको मान खाली घालून बसली होती. खोटं अगदी जिभेच्या टोकावर आलं, आणि जावई स्वतःलाच घाबरला.

पप्पा त्याच्याकडे बघत होते.

"नाही," ते म्हणाले. या वेळी शिरा ताणल्या नाहीत. शांतपणे म्हणाले, जसं एखाद्याच्या डोक्यावरचं ओझं उतरवून घ्यावं.

हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला. पप्पांची भाषा आता सगळ्यांना कळायला लागली होती: 'नाही' म्हणजे 'हो', जावई मानतो. कुणी 'आमेन' म्हणालं. वकीलसाहेबांनी हात पुढे केला. बायको रडता रडता हसत होती, आणि तिला इतक्या आनंदात त्याने कधी पाहिलं नव्हतं.

ते 'नाही' साधंसुधं, खरं 'नाही' होतं, हे त्या गर्दीत एकट्या जावयाला ठाऊक होतं. त्याला खोटं बोलावं लागू नये म्हणून म्हाताऱ्याने त्याच्या वतीने खरं सांगून टाकलं होतं. हे लोकांना सांगायला त्याने तोंडही उघडलं. पण सांगणार काय, आणि कशाच्या जोरावर? आपल्याला कुणीतरी आरपार ओळखतं आणि तरी जवळ ठेवतं, हे त्याला आत्ता कळत होतं, आणि कळून सुटल्यासारखं वाटण्याऐवजी धडकी भरत होती. तो पायरीवर बसला, रुमालाने पप्पांचे डोळे पुसले, आणि टाळ्या थांबायची वाट बघत राहिला.